टर्बोचार्ज्ड रोटरी इंजिनातील मिसफायर व अस्थिर आयडलिंगचे निदान

टर्बोचार्जर जोडलेल्या वँकेल प्रकारच्या रोटरी इंजिनात एखाद्या कक्षातील हवा व इंधनाचे मिश्रण वेळेवर पेट घेत नाही, तेव्हा त्या दोषास मिसफायर म्हणतात. भारतातील गॅरेजांत याच दोषाला ‘मिसिंग’ म्हणण्याची पद्धत आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला नसताना इंजिन ज्या मंद गतीने चालत राहते ती आयडलिंगची गती होय. ती एकसारखी न राहता वरखाली होऊ लागली, इंजिन थरथरू लागले किंवा मध्येच बंद पडू लागले, तर त्यास अस्थिर आयडलिंग म्हणतात. ही दोन लक्षणे बहुधा एकत्र दिसतात. मात्र त्यांचे कारण तडकलेल्या रबरी नळीइतके किरकोळ किंवा तुटलेल्या सीलइतके गंभीर असू शकते. कानाला दोन्ही जवळजवळ सारखीच वाटतात. म्हणून या इंजिनाचे निदान अंदाजाने न करता ठरावीक क्रमाने करावे लागते. दोष कळण्यापूर्वी टर्बोचा पूर्ण दाब देऊन गाडी पळवली, तर दुरुस्त होण्याजोगे इंजिन काही क्षणांत निकामी होऊ शकते.

या लेखात प्रामुख्याने जपानमधील माझदा कंपनीच्या ‘१३बी’ या दोन रोटरांच्या टर्बो इंजिनाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

रोटरी इंजिनाची कल्पना जर्मन अभियंते फेलिक्स वँकेल (१९०२–१९८८) यांची. एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ साली त्याचा पहिला नमुना चालवण्यात आला. पुढे हिरोशिमा येथील माझदा कंपनीने हे तंत्रज्ञान घेतले आणि १९६७ साली दोन रोटरांचे इंजिन असलेली कॉस्मो ही मोटार बाजारात आणली. १९८२ साली कॉस्मो मालिकेत टर्बोचार्जर जोडलेले रोटरी इंजिन आले. आरएक्स-७ या क्रीडा-मोटारीच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे १९८५ पासूनच्या ‘एफसी’ गाड्यांत, १३बी टर्बो इंजिन बसवले गेले. १९९१ ते २००२ या काळात बनलेल्या तिसऱ्या, ‘एफडी’ पिढीत एकामागून एक कार्यान्वित होणारे दोन टर्बोचार्जर होते.

या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. त्यांतील रबरी नळ्या, तारा, सेन्सर आणि सील यांचे वय झाल्यामुळे एकाच गाडीत एकापेक्षा अधिक दोष एकत्र आढळणे स्वाभाविक आहे.

रचना आणि तिचा निदानाशी संबंध

पिस्टन इंजिनात दट्ट्या वरखाली होतो, तर रोटरी इंजिनात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लांबट पोकळीत फिरतो. रोटरच्या तीन बाजूंमुळे पोकळीचे तीन कक्ष होतात आणि प्रत्येक कक्षात मिश्रण आत येणे, दाबले जाणे, पेटणे व धूर बाहेर जाणे या क्रिया क्रमाने घडतात. रोटरच्या एका फेऱ्यात मधला उत्केंद्री दंड तीन फेरे घेतो. त्यामुळे दंडाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटरमागे एक ज्वलन होते. १३बी इंजिनात दोन रोटर असून प्रत्येक कक्षाचे आकारमान ६५४ घन सेंटिमीटर, म्हणून एकूण क्षमता १,३०८ घन सेंटिमीटर मानली जाते.

या रचनेतील तीन गोष्टी निदानासाठी महत्त्वाच्या आहेत.

* *दोन स्पार्क प्लग:* प्रत्येक रोटरसाठी दोन प्लग असतात. खालचा ‘लीडिंग’ प्लग आधी ठिणगी देतो व ज्वलनाचे मुख्य काम करतो. वरचा ‘ट्रेलिंग’ प्लग त्यानंतर ठिणगी देऊन ज्वलन पूर्ण होण्यास हातभार लावतो.
* *सील:* रोटरच्या तीन टोकांवर अपेक्स सील, बाजूंवर साइड सील आणि कोपऱ्यांत कॉर्नर सील असतात. १३बी टर्बोतील अपेक्स सील सुमारे २ मिलिमीटर जाडीचे असते. कक्षांतील दाब टिकवण्याची जबाबदारी या बारीक पट्ट्यांवर असते.
* *झडपांचा अभाव:* हवा आत येण्याची व धूर बाहेर जाण्याची छिद्रे रोटर स्वतःच उघडतो आणि झाकतो. त्यामुळे झडपा जळणे किंवा त्यांचे टायमिंग बिघडणे ही पिस्टन इंजिनातील कारणे येथे संभवत नाहीत.

एका प्लगसमोरून रोटरच्या तीनही बाजू पाळीपाळीने जातात. म्हणून प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बिघडला, तर त्या रोटरच्या तीनही बाजूंवर परिणाम होतो. याउलट सील तुटले, तर त्याला लागून असलेल्या कक्षांवरच मुख्य परिणाम होतो. आयडलिंगला दंड मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर रोटरची कोणतीही एक बाजू मिनिटाला २५० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे चार वेळा, प्रज्वलनाच्या जागी येते. एकच बाजू चुकत असेल तर मंद आणि नियमित ठेका ऐकू येतो. संपूर्ण रोटर बंद असेल तर इंजिन अर्ध्या शक्तीने, जोराने हलत चालते. अनियमित, मधूनमधून होणारे मिसफायर बहुधा ठिणगी, मिश्रण किंवा विद्युत जोडणीतील दोष सुचवते. हा केवळ प्राथमिक संकेत आहे. त्याची खात्री पुढील चाचण्यांनीच होते.

स्वाभाविक आणि सदोष आयडलिंग

कारखान्यातून आलेल्या १३बी टर्बोची गरम असतानाची आयडलिंगची गती मिनिटाला साधारण ७०० ते ७५० फेरे असते. मंद गतीत मागील ज्वलनाचा काही धूर नव्या मिश्रणात मिसळतो. त्यामुळे रोटरी इंजिन आयडलिंगला थोडे चुकणे हा काही अंशी त्याचा स्वभावच आहे.

शर्यतीसाठी छिद्रे मोठी करून घेतलेल्या इंजिनांत हा परिणाम फार वाढतो. ‘ब्रिज पोर्ट’ केलेले इंजिन मंद गतीत ठरावीक लयीत धडधडते. तो दोष नसून त्या रचनेचा परिणाम असतो. म्हणून जुनी गाडी तपासताना इंजिन मूळ स्थितीत आहे की त्यात बदल केले आहेत, हे आधी जाणून घेणे आवश्यक ठरते.

लक्षण केव्हा दिसते

निदानाची सुरुवात साधनांपासून न होता निरीक्षणापासून होते. लक्षण दिसण्याची वेळ कारणांचा परीघ बराच लहान करते.

* *फक्त थंड असताना, सुरू केल्यावर काही मिनिटे:* शीतकाच्या सीलमधील गळती, तापमान सेन्सरचा दोष किंवा रात्रभर ठिबकलेला इंजेक्टर.
* *फक्त आयडलिंगला, गती वाढवताच नाहीसे होते:* हवेची गळती, आयडलिंगची हवा नियंत्रित करणारी झडप, थ्रॉटलची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरची चुकीची जुळणी किंवा कमी कॉम्प्रेशन.
* *सर्व गतींत, एकाच रोटरवर:* प्लग, तार, प्राथमिक इंजेक्टर किंवा सील.
* *ठरावीक गतीलाच:* एफसी पिढीत मिनिटाला ३,८०० फेऱ्यांच्या आसपास येणारा अडखळा प्रसिद्ध आहे. दुय्यम इंजेक्टर सुरू होण्याच्या सुमारास तो जाणवतो आणि खराब झालेल्या अर्थिंगच्या जोडण्या साफ केल्यावर अनेकदा जातो.
* *फक्त टर्बोच्या दाबाखाली:* कमकुवत ठिणगी, अपुरे इंधन किंवा मर्यादेपलीकडे गेलेला दाब. हा गट सर्वांत धोकादायक होय.

निदानाचा क्रम

१. ठिणगी

प्रथम चारही प्लग काढून कोणता प्लग कोणत्या रोटरचा व कोणत्या जागेचा, याची नोंद करावी लागते. ओला व पेट्रोलचा वास येणारा प्लग ज्वलन न झाल्याचे सांगतो. कोरडी काळी काजळी जादा इंधनाची निदर्शक असते. पांढरी, फोड आलेली टोके अतिउष्णता दाखवतात. एखाद्या प्लगचे टोक ठोकल्यासारखे वाकलेले असेल, तर आतील एखादा भाग तुटल्याचा संशय घ्यावा लागतो. एफडी गाडीत मूळ लीडिंग प्लगचा उष्णता-अंक ७ आणि ट्रेलिंगचा ९ असे. या मोजपद्धतीत मोठा अंक अधिक ‘थंड’ प्लग दर्शवतो. म्हणून प्लगची अदलाबदल झाली, तर मंद गतीत काजळी धरण्याची प्रवृत्ती वाढू शकते.

एफसी व एफडी गाड्यांत दोन्ही रोटरांच्या लीडिंग प्लगना एकच कॉइल एकाच वेळी ठिणगी देते. ट्रेलिंग प्लगना मात्र स्वतंत्रपणे ठिणगी मिळते. त्यामुळे दोन्ही लीडिंग तारांची आपसांत अदलाबदल झाली तरी फरक पडत नाही. ट्रेलिंग तारांची अदलाबदल झाल्यास मात्र ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि इंजिनाला इजा पोहोचू शकते.

तपासणीसाठी टायमिंग लाइटचा चिमटा एकेका तारेवर लावतात. दिवा एकसारखा लुकलुकत असूनही इंजिन चुकत असेल, तर कॉइल व तिचा संदेश ठीक असण्याची शक्यता अधिक असते आणि लक्ष प्लग, इंधन वा कॉम्प्रेशनकडे वळवावे लागते. दिवा मधेच चुकत असेल, तर दोष विद्युत भागात आहे. चालू इंजिनाची तार हाताने उपटणे धोक्याचे असते, कारण तिच्यातील विद्युतदाब हजारो व्होल्टचा असतो.

ट्रेलिंग ठिणगी बंद पडली तरी आयडलिंगला फारसा फरक जाणवत नाही. लीडिंग ठिणगी गेली तर तो रोटर लगेच मंदावतो. ‘आयडलिंग चांगले आहे, म्हणजे चारही प्लग चालू आहेत’ असा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

२. हवेची गळती

एफडी गाडीच्या वरच्या इनटेक मॅनिफोल्डखाली बारीक रबरी नळ्या व विद्युत झडपांचे दाट जाळे असते. टर्बोच्या उष्णतेने या नळ्या कडक होऊन तडकतात किंवा जोडांवरून निसटतात. इंजेक्टरभोवतालची रबरी कडीही अशीच वाळते.

गळतीचा परिणाम हवा मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. एफसी गाडीत आत येणारी हवा प्रवाहमापक मोजतो. त्याच्या पुढे शिरलेली हवा मोजली न गेल्याने मिश्रण विरल होते, म्हणजे इंधन कमी पडते, व आयडलिंग डळमळते. टर्बोचा दाब असताना प्रकार उलट होतो. मोजलेली हवा गळून बाहेर जाते आणि मिश्रणात इंधन जास्त होते. एफडी गाडीत मॅनिफोल्डमधील दाबावरून इंधन ठरते. तेथे शिरलेली हवा दाब वाढवते आणि संगणक त्यानुसार इंधनही वाढवतो. परिणामी आयडलिंगची गती चढीच राहते.

गळती शोधण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गात कमी दाबाचा धूर सोडणे व तो कोठून बाहेर येतो ते पाहणे. ज्वालाग्राही द्रव फवारून गळती शोधण्याची जुनी पद्धत तापलेल्या टर्बोजवळ आगीला निमंत्रण देणारी आहे.

३. इंधन

प्रत्येक रोटरला एक प्राथमिक व एक दुय्यम इंजेक्टर असतो. आयडलिंगला फक्त प्राथमिक इंजेक्टर काम करतात, म्हणून दुय्यम इंजेक्टरची क्षमता कमी झाली तरी आयडलिंगला ते कळत नाही. ते कळते टर्बोच्या दाबाखाली. एका रोटरवरच दोष असेल, तर दोन्ही प्राथमिक इंजेक्टरांची जागा आपसांत बदलून पाहतात. दोष इंजेक्टरबरोबर दुसऱ्या रोटरवर गेला, तर कारण सापडले असे समजावे. तो मूळ रोटरवरच राहिला, तर पुढची पायरी कॉम्प्रेशनची होय. इंधनाचा दाब आयडलिंगला व भार असताना अशा दोन्ही वेळी मोजणे आवश्यक असते.

४. कॉम्प्रेशन

ही या निदानातील निर्णायक चाचणी आहे. पिस्टन इंजिनासाठी वापरले जाणारे साधे मापक तीन कक्षांपैकी सर्वांत जास्त दाब तेवढा दाखवते व दोष झाकते. म्हणून रोटरी इंजिनासाठीचे खास मापक वापरतात. ते प्रत्येक कक्षाचा दाब वेगळा नोंदवते व स्टार्टरची गतीही मोजते. साधेच मापक उपलब्ध असल्यास त्यातील एकेरी झडप काढून काट्याच्या तीन झेपा पाहता येतात. त्यातून नेमका आकडा मिळत नसला, तरी तीन कक्षांची तुलना होते.

चाचणीच्या वेळी इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भारलेली, थ्रॉटल पूर्ण उघडे आणि इंधन व ठिणगी बंद असावी लागते. १३बी टर्बोसाठी मिनिटाला २५० फेऱ्यांच्या गतीस दर चौरस सेंटिमीटरला ६.० किलोग्रॅम ही किमान मर्यादा मानली जाते. कक्षाकक्षांतील फरक १.५ किलोग्रॅमपेक्षा जास्त नसावा.

आकड्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावतात.

* तीनही कक्ष सारखे व पुरेसे: सील सुस्थितीत, दोष अन्यत्र.
* तीनही सारखे पण कमी: सर्वसाधारण झीज, मंद स्टार्टर किंवा तेलाचा थर धुपून जाणे.
* एकच कक्ष कमी: त्या बाजूचे साइड किंवा कॉर्नर सील अडकलेले वा तुटलेले.
* दोन कक्ष कमी, एक ठीक: त्या दोघांमधील अपेक्स सील सदोष. एक अपेक्स सील दोन कक्षांना वेगळे करत असल्यामुळे त्याचा बिघाड दोन्हींकडे दिसतो.

अपेक्स सीलचा तुकडा बाहेर जाण्याच्या मार्गात टर्बोचे चाक असते. म्हणून तुटलेल्या सीलसोबत टर्बोचीही तपासणी करावी लागते.

थंड इंजिन थोडा वेळ चालवून लगेच बंद केल्यास जादा पेट्रोल पोकळीच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते. अशा ‘फ्लड’ झालेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन तात्पुरते घसरते. इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवल्यावर व प्लगच्या छिद्रातून थोडे तेल घातल्यावर ते परत येते. या अवस्थेत घेतलेल्या आकड्यांवरून इंजिन निकामी ठरवणे योग्य नाही.

५. शीतकाची गळती

रोटरच्या कवचांमधील रबरी सील अतिउष्णतेने खराब झाले, तर शीतक कक्षात झिरपते. सकाळी इंजिन एका रोटरवर चुकत सुरू होते, पांढरी वाफ निघते आणि थोड्या वेळाने सर्व सुरळीत होते. शीतकाची पातळी मात्र हळूहळू घटत जाते. लक्षण नाहीसे होत असल्यामुळे याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. शीतक-यंत्रणेला दाब देऊन, तसेच शीतकात ज्वलनाचे वायू आहेत का ते तपासून याची खात्री करतात. या दोषात कॉम्प्रेशनचे आकडे चांगले येऊ शकतात.

फसवी लक्षणे

ऑक्सिजन सेन्सरचे वाचन मिसफायर असताना विश्वसनीय नसते. न जळलेल्या मिश्रणाबरोबर त्यातील ऑक्सिजनही बाहेर पडतो आणि सेन्सर ‘इंधन कमी’ असे दाखवतो. प्रत्यक्षात इंधन पुरेसे किंवा जास्तही असू शकते. त्या आकड्यावर विसंबून इंधन वाढवल्यास प्लग आणखी काजळतात व मूळ दोष बळावतो. न जळलेले इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो अतिशय तापतो, हा आणखी एक धोका आहे.

एफडी गाडीत मिनिटाला सुमारे ४,५०० फेऱ्यांना दुसरा टर्बो कार्यान्वित होतो. त्या वेळी दाब क्षणभर किंचित उतरणे स्वाभाविक असते. फार उतरणे हा नळ्या वा नियंत्रक झडपांचा दोष होय. तसेच दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संगणक संरक्षणासाठी इंधन तोडतो. तो जोराचा धक्का मिसफायरसारखा वाटतो, पण ठिणगीशी त्याचा संबंध नसतो.

आयडलिंगचा स्क्रू फिरवून गती वाढवणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने लक्षण झाकले जाते आणि दोष तसाच राहतो.

टर्बोच्या दाबाखालील मिसफायर

कक्षातील दाब जितका जास्त, तितका ठिणगी उडवण्यासाठी लागणारा विद्युतदाब जास्त. म्हणून आयडलिंगला निर्दोष वाटणारी कॉइल किंवा तार टर्बोच्या दाबाखाली अपुरी पडते. मात्र हेच लक्षण इंधन कमी पडल्यानेही दिसते, आणि तेथे परिणाम अगदी वेगळा होतो. विरल मिश्रणामुळे कक्षातील तापमान वाढून नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट, होतो. पिस्टन इंजिन काही काळ नॉकिंग सोसू शकते; रोटरी इंजिनातील अपेक्स सील मात्र अशा एखाद्याच प्रसंगात तुटू शकते.

दोन कारणांपैकी कोणते खरे, हे गाडी पुन्हा दाबाखाली पळवून शोधणे म्हणूनच टाळतात. कॉम्प्रेशन, इंधनाचा दाब व ठिणगी उभ्या गाडीत तपासून झाल्यानंतरच, मिश्रण मोजणारा रुंद पल्ल्याचा सेन्सर बसवून, कमी दाबापासून टप्प्याटप्प्याने चाचणी घेतली जाते. पेट्रोलसाठी पूर्ण दाबाखाली हवा व इंधनाचे वजनी प्रमाण साधारण ११:१ च्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. मिश्रण विरल होऊ लागताच चाचणी थांबवावी लागते.

दुरुस्तीचा निर्णय

कॉम्प्रेशन पुरेसे असेल आणि शीतक गळत नसेल, तर इंजिन उघडण्याचे कारण नसते; दोष बाहेरच्या भागांत असतो व तेथेच दुरुस्त होतो. एखादा कक्ष किंचित कमी पण मर्यादेच्या आत असेल, तर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा घेऊन घसरण चालू आहे का ते पाहतात. दोन कक्ष एकदम बसले असतील, तर इंजिन चालवत राहिल्याने तुटलेल्या सीलचे तुकडे कवच, रोटर व टर्बो यांना ओरखडतात आणि पुन्हा वापरता आले असते असे भागही वाया जातात. अशा वेळी इंजिन बंद ठेवून ते उघडणेच श्रेयस्कर ठरते. उघडल्यानंतर सील तुटण्याचे मूळ कारण, मग ते अडलेला इंजेक्टर असो, कमकुवत इंधन पंप असो वा अतिरिक्त दाब, दूर केल्याशिवाय नवे सील बसवले, तर तेही त्याच मार्गाने जाते.